राजपुत्राच्या घशातला तुकडा

१८८७च्या जानेवारीत जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. सर्दी-पडसं म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही, पण आवाज सुटेना. मार्चमध्ये डाव्या स्वरतंतूवर गाठ दिसली. मे उजाडेपर्यंत जर्मन सर्जन गळा उघडून ती काढायच्या तयारीत होते. लंडनहून बोलावलेले घशाचे डॉक्टर मॉरेल मॅकेन्झी मात्र अडून बसले : आधी तुकडा तपासा. तोंडावाटे चिमटा घालून त्यांनी तो काढला आणि तपासायला गेला तो थेट रुडॉल्फ विरचो यांच्याकडे, त्या काळातल्या सर्वांत नामांकित पॅथॉलॉजिस्टकडे. कॅन्सर दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. पुढच्या वर्षी, १५ जून १८८८ला, सम्राट होऊन जेमतेम ९९ दिवस झाले असताना फ्रेडरिक वारला. शवविच्छेदनात कॅन्सरच निघाला.

विरचो चुकले? मला तसं वाटत नाही. आलेल्या तुकड्यांवरून सगळ्या आजाराबद्दल खात्रीनं सांगता येणार नाही, असं त्यांनी जूनच्या अहवालात लिहूनच ठेवलं होतं. वाचणाऱ्यांनी सोयीचं तेवढं वाचलं.

आजही खरी मेख तिथंच आहे. दुर्बिणीतून स्वरतंतूवर पांढरा चट्टा दिसला की ‘ल्युकोप्लाकिया’ म्हणतात, पण ते नुसतं दिसण्याचं नाव झालं. खाली साधा जाडपणा आहे, कॅन्सरपूर्व बदल आहे की कॅन्सर, हे डोळ्यांना कळत नाही. निरोगी अस्तरात पेशी तळाशी जन्मतात आणि वर सरकताना चपट्या होत जातात. डिस्प्लेशियात, म्हणजे कॅन्सरपूर्व बदलात, ही शिस्त मोडते : केंद्रकं मोठी, गडद होतात, विभाजन वरच्या थरांतही सुरू होतं. बिघाड किती, यावरून कमी की जास्त दर्जाचा ते ठरवतात, आणि सीमारेषेवरच्या काचपट्टीवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होतंच असं नाही. अस्तराखालचं पातळ आधारपटल पेशींनी ओलांडलं, की मग तो पसरू शकणारा कॅन्सर.

गंमत म्हणजे हा सगळा निवाडा तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावर. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावात, पडला की तो आक्रसतो, कडा वळतात. मग काप तिरका गेला, तर तळाच्या पेशींचा थर उगाच जाड दिसतो आणि आधारपटल नीट सापडत नाही. म्हणून जाणता सर्जन तुकडा आधी कागदावर सपाट पसरतो, मगच बाटलीत टाकतो.

मग मोठा, खोल तुकडाच का काढू नये? कारण अस्तराखाली जेलीसारखा मऊ थर असतो आणि बोलताना थरथरतो तो मुख्यतः हाच. तिथं व्रण राहिला तर आवाज कायमचा घोगरा. त्यामुळे भूल देऊन, मायक्रोस्कोपखाली शक्यतो अख्खा चट्टा अस्तरापुरताच सोलून काढतात. बऱ्याचदा तपासणी आणि उपचार एकदमच होतात. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. या बायोप्सीबाबत तरी ती निराधार आहे.

आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, पण आवाज तसाच राहिला किंवा चट्टा परत आला, तर पुन्हा दुर्बीण, गरज पडल्यास पुन्हा तुकडा. मॅकेन्झींनीही एकदाच काढून सोडलं नव्हतं. पण त्यांचा चिमटा बहुधा वरवरच फिरत राहिला.