दुधाच्या दातांवरील उपचार

दुधाच्या दातांवरील उपचार : लहान मुलांच्या पहिल्या 20 दातांना कीड, जंतुसंसर्ग किंवा इजा झाल्यास केले जाणारे दंतवैद्यकीय उपचार. हे दात साधारणपणे सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात, तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतात आणि सहाव्या ते बाराव्या वर्षांदरम्यान पडतात. ‘पडणारच आहेत, मग कशाला उपचार?’ असे घरोघरी म्हटले जाते. परंतु मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकाव्या लागतात, आणि चौथ्या वर्षी किडलेली दाढ तशीच सोडल्यास ठणका, सूज व अर्धपोटी जेवण मुलाच्या वाट्याला येते.

दुधाच्या दातावरील एनॅमल (दाताचे कठीण बाह्य आवरण) कायमच्या दाताच्या मानाने पातळ आणि आतली नस प्रमाणाने मोठी असल्याने कीड नसेपर्यंत लवकर पोहोचते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांमध्ये ती प्रथम वरच्या पुढच्या दातांना लागते; खालचे पुढचे दात जीभ व लाळ यांमुळे बहुधा वाचतात. सुरुवातीला हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. वरचा ओठ उचलून पाहिल्याशिवाय ती नजरेस पडत नाही, पण वेळीच लक्षात आल्यास फ्लोराइडचा लेप, नियमित घासणे आणि गोड खाण्यावर नियंत्रण एवढ्यावर कीड थोपवता येते.

खड्डा पडल्यावर कीड काढून ग्लास आयनोमरसारखे सिमेंट भरतात. खुर्चीत बसू न शकणाऱ्या लहानग्यांसाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हा द्रव उपयोगी पडतो. त्याने कीड थांबते, मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो आणि याची कल्पना पालकांना आधी देणे आवश्यक असते.

कीड नसेपर्यंत गेली, पण मुळातील नस निरोगी असली, तर केवळ वरच्या भागातील नस काढून तेथे एमटीए हे औषधी सिमेंट ठेवतात. मुळातही संसर्ग झाला असल्यास रूट कॅनाल, म्हणजे मुळातील नसही काढून ती पोकळी भरण्याचा उपचार, करावे लागते. मोठ्यांच्या दातात यासाठी न विरघळणारे गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरतात. दुधाच्या दाताचे मूळ मात्र खालून कायमचा दात वर येताना हळूहळू विरघळते, म्हणून येथे मुळाबरोबरच विरघळेल असे झिंक ऑक्साइड-युजेनॉल किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयोडोफॉर्म यांचे मिश्रण वापरतात. अशा दाढेवर बहुधा स्टीलची तयार कॅप बसवतात. तिचा वापर 1950 पासून चालत आला आहे. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत भुलेचे इंजेक्शन न देता आणि दात न कोरता कॅप थेट किडीवर चिकटवतात. आत कोंडलेल्या जंतूंना अन्न न मिळाल्याने कीड पुढे सरकत नाही. मात्र नसेला संसर्ग झालेला नसेल तरच ही पद्धत योग्य ठरते.

मुळाशी पू साठून राहिल्यास खाली घडत असलेल्या कायमच्या दाताच्या एनॅमलला डाग वा खळगे पडू शकतात, त्यामुळे न वाचणारा दात काढणेच हिताचे असते. दाढ वेळेआधी काढल्यास शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात. ते टाळण्यासाठी तारेचे जागा राखणारे साधन बसवून नवा दात दिसू लागताच ते काढतात. पडून मार लागल्याने मुळासकट निखळलेला दुधाचा दात, कायमच्या दाताप्रमाणे, पुन्हा खोबणीत बसवत नाहीत, कारण तसे करताना खालच्या दाताच्या अंकुराला इजा होण्याचा धोका असतो.