नाव नदीचे, तोफा डोंगराच्या : जपानी क्रूझर ‘तोने’ची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातल्या ‘तोने’चा विषय निघाला की बोलणे मिडवेच्या समुद्री लढाईवर जाते आणि तिथेच थांबते. विमान अर्धा तास उशिरा उडाले आणि युद्ध फिरले, इतके सर्वांना ठाऊक असते. पण मुंबईला निघालेले आणि मुंबईला कधीच न पोहोचलेले एक जहाज या क्रूझरच्या खाती जमा आहे, त्याचा उल्लेख मराठीत क्वचित सापडतो. म्हणून या टिपणात मिडवे आटोपशीर आहे आणि मार्च १९४४ लांबलचक.

आधी नावाचे. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपल्याकडे सर्रास ‘टोन’ लिहितात. पण ही तोने नदी, टोकियोच्या उत्तरेकडून वाहत जाऊन पॅसिफिकला मिळणारी. नदीचे नाव देण्यामागे नियम होता. जपानी नौदलात पहिल्या वर्गाच्या क्रूझरना डोंगरांची नावे देत आणि दुसऱ्या वर्गाच्या क्रूझरना नद्यांची. मग ज्या जहाजाला जगभर ‘हेवी क्रूझर’ म्हणतात, त्याला नदीचे नाव कसे?

याचे उत्तर युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९३० च्या लंडन करारात आहे. ‘हेवी’ म्हणजे वजनाने भारी किंवा चिलखताने जाड, हा समज चुकीचा. करारापुरता फरक फक्त तोफेच्या तोंडाचा होता : १५५ मिलिमीटरपेक्षा मोठी तोफ असेल तर हेवी, त्याच्या आत असेल तर लाइट. जपानच्या वाट्याला हेवी क्रूझरसाठी १,०८,४०० टन आले होते आणि तेवढी जहाजे हातात होती किंवा बांधून होत आली होती. लाइटच्या खात्यात मात्र जागा शिल्लक होती. मग १५५ मिलिमीटरच्या पंधरा तोफा असलेली ‘मोगामी’ मालिका काढली गेली. जाहीर वजन ८,५०० टन, खरे वजन त्याहून बरेच जास्त. तिची तोफ-टरेट (तोफांचे फिरते बुरूज) पुढे काढून २०३ मिलिमीटरची बसवता येतील, अशी सोय आधीच करून ठेवलेली. तोफांपुरता करार मोडला नाही, फक्त मोडायची तयारी पूर्ण ठेवली.

‘तोने’ आणि तिची जोडीदार ‘चिकुमा’ या त्याच मालिकेच्या पुढच्या दोन जहाजांच्या जागी मंजूर झाल्या. नागासाकीच्या गोदीत ‘तोने’चे काम १ डिसेंबर १९३४ रोजी सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जपानने युद्धनौकांवर मर्यादा घालणारा आधीचा वॉशिंग्टन करार सोडत असल्याची नोटीस दिली. जहाज नोव्हेंबर १९३८ मध्ये नौदलात दाखल झाले तेव्हा त्यावर २०३ मिलिमीटरच्या आठ तोफा होत्या. नाव नदीचेच राहिले, आणि कागदोपत्री ती अखेरपर्यंत दुसऱ्या वर्गाचीच क्रूझर होती. यादीत हलकी आणि समुद्रात जड असे हे प्रकरण.

आराखडा मात्र ‘मोगामी’ची नक्कल नव्हता. मधल्या काळात दोन धक्के बसले होते. मार्च १९३४ मध्ये एक नवी टॉर्पेडो बोट वादळी समुद्रात उलटली. सप्टेंबर १९३५ मध्ये एक अख्खा ताफा टायफूनमध्ये सापडला आणि जहाजांचे सांगाडे पिळवटून निघाले. वरच्या अंगाला जास्त वजन लादण्याची आणि हलकेपणासाठी सांधे वेल्डिंगने जोडण्याची हौस या दोन प्रसंगांनी उतरवली. ‘तोने’त दोन-दोन तोफांची चारही टरेट ब्रिजच्या (जहाज जिथून चालवतात त्या मनोऱ्याच्या) पुढे, नाकाच्या बाजूला आली. दारूगोळ्याची कोठारे एकाच ठिकाणी आल्यामुळे चिलखत थोड्या लांबीत भागले आणि जहाज स्थिर राहिले. थेट मागे मारा करता येत नाही, ही उणीव पत्करावी लागली. सुमारे २०० मीटर लांबी, ३५ नॉट वेग, ६१० मिलिमीटरचे टॉर्पेडो सोडणाऱ्या बारा नळ्या, असा बाकीचा सरंजाम.

मागचा सगळा डेक विमानांसाठी मोकळा ठेवला होता. पाण्यावर उतरणारी पाच विमाने, विमान फेकून उडवणारे दोन कॅटापल्ट आणि विमाने सरकवायला डेकवर टाकलेले रूळ. हँगर नव्हते, विमाने उन्हापावसात उघडीच. विमानवाहू जहाजांवरचे प्रत्येक विमान हल्ल्यासाठी राखायचे आणि टेहळणी क्रूझरवर सोपवायची, असे जपानी नौदलाचे धोरण होते. त्या धोरणाला लोखंडी रूप दिले की ‘तोने’ तयार होते.

पहिले सहा महिने धोरण छान चालले. पर्ल हार्बरच्या सकाळी हल्ल्याआधी हवाई बेटांतला लाहायनाचा नांगरवाडा पाहून आले ते ‘तोने’चे विमान, खुद्द पर्ल हार्बर पाहून आले ते ‘चिकुमा’चे. १९ फेब्रुवारी १९४२ च्या ऑस्ट्रेलियातल्या डार्विनवरच्या हल्ल्यातही ती विमानवाहू जहाजांच्या ताफ्यात होती. ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर हल्ला झाला, त्या दिवशी ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या ब्रिटिश क्रूझर तिच्याच विमानाला दिसल्या. दुपारी डाइव्ह बॉम्बरनी दोन्ही बुडवल्या, चारशेहून अधिक माणसे गेली. (दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले ते या ताफ्याचे नव्हेत, बंगालच्या उपसागरात शिरलेली दुसरी तुकडी होती. आपल्याकडच्या लेखांत या दोन्हींची सरमिसळ नेहमीची.)

४ जून १९४२, मिडवे. ‘तोने’चे चार नंबरचे विमान पहाटे साडेचारला सुटायचे, ते पाचला सुटले. ७ वाजून २८ मिनिटांनी त्याने दहा शत्रुजहाजे दिसत असल्याचे कळवले, आणि ८.२० ला त्यांत एक विमानवाहू असावे असे. पुढच्या दोन तासांत तीन जपानी विमानवाहू जहाजे पेटली. साहजिकच त्या अर्ध्या तासावर खापर फुटले आणि वर्षानुवर्षे फुटत राहिले. अलीकडच्या अभ्यासकांनी मार्ग आणि वेळ पुन्हा मांडल्यावर चित्र बदलले आहे. ते विमान ठरल्या वेळी उडून ठरल्या वाटेने गेले असते, तर अमेरिकन ताफा त्याला तेव्हा दिसलाच असता याची खात्री नाही. उलट ‘चिकुमा’चे एक विमान त्याच भागावरून गेले आणि त्याला काहीच दिसले नाही. खरी तोकडी होती ती एकूण टेहळणीच. एवढ्या समुद्रासाठी मोजून सात विमाने पाठवली होती. पण सात विमानांपेक्षा एका विमानाला दोष देणे सोपे असते.

त्यानंतर सॉलोमनच्या लढाया, पॅसिफिकमधल्या सांताक्रुझ बेटांजवळ ‘चिकुमा’ला झालेली जबर इजा, दुरुस्त्या आणि तेलाची ओढाताण. हे सोडून थेट १९४४ वर येतो.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये हिंदी महासागरातल्या व्यापारी मार्गांवर छापा घालण्यासाठी तीन क्रूझर निघाल्या. पुढे ‘आओबा’, तिच्यावर मोहिमेचा व्हाइस अ‍ॅडमिरल; मागे ‘तोने’ आणि ‘चिकुमा’, या कामापुरत्या त्याच्या हाताखाली दिलेल्या. जपानला मालवाहू जहाजांची टंचाई होती, म्हणून सापडलेले जहाज शक्यतो पकडून आणायचे होते. कैदी मात्र चौकशीला लागतील तेवढेच ठेवायचे, असे आदेशात होते. सगळा घोळ या वाक्यातून सुरू होतो.

९ मार्चला कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला ‘बेहार’ दिसले. १९४३ मध्ये बांधलेले नवेकोरे ब्रिटिश जहाज. नाव आपल्या बिहारचे, जुन्या इंग्रजी स्पेलिंगने. ऑस्ट्रेलियातून ते मुंबईला येत होते. ‘तोने’ने गोळीबार केला, जहाज बुडाले, पण त्याआधी त्याचा धोक्याचा संदेश हवेत गेला होता. ठावठिकाणा उघड झाल्याच्या भीतीने मोहीम गुंडाळली गेली. तीन हेवी क्रूझर निघाल्या आणि हाती लागले एक जहाज, तेही समुद्राच्या तळाशी.

‘तोने’च्या कप्तानाने पाण्यातली शंभराहून अधिक माणसे वर घेतली. त्यांत ब्रिटिश अधिकारी होते, काही प्रवासी होते आणि मोठ्या संख्येने हिंदी खलाशी. त्या काळी ब्रिटिश मालवाहू जहाजांच्या डेकवर, इंजिनखोलीत आणि भटारखान्यात रत्नागिरी, गोवा, कच्छ, सिल्हेटकडची माणसे असायची. ‘हिंदी खलाशी’ एवढाच उल्लेख करून वृत्तान्त पुढे सरकतात.

इतके कैदी घेतल्याबद्दल अ‍ॅडमिरलने कप्तानाची कानउघाडणी केली आणि त्यांची ‘विल्हेवाट’ लावण्याचा आदेश दिला. युद्धानंतरच्या खटल्यात सर्वांत जास्त झटापट झाली ती याच आदेशाभोवती. जपानी दफ्तरी भाषेत ‘शोबुन’ म्हणजे निकालात काढणे. सामानाची वासलात, शिस्तीची कारवाई आणि माणसे मारणे या सगळ्याला एकच शब्द पुरतो. मराठीतली ‘विल्हेवाट’ अगदी याच जातीची : कचऱ्याचीही लावतात आणि प्रेताचीही. असा शब्द देणाऱ्याला पुढे ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ अशी पळवाट ठेवतो आणि घेणाऱ्याला ‘मला तसेच सांगितले होते’ अशी. या प्रकरणात मात्र अर्थ कोणालाच अवघड गेला नव्हता. कप्तानाने जीव वाचवण्याची विनंती केली, यावरूनच काय मारायला सांगितले आहे हे त्याला कळले होते, हे दिसते.

१५ मार्चला जहाजे बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) बंदरात पोहोचली. कप्तानाने पुन्हा रदबदली केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश कैद्यांना उतरवायची परवानगी मिळाली. उरलेले ‘तोने’वरच राहिले. बंदर सोडल्यावर १८ मार्चच्या रात्री त्यांना डेकवर आणून ठार केले. आकडा जागोजागी वेगळा मिळतो. बहुतेक ठिकाणी सत्तरच्या आसपास, काही ठिकाणी ऐंशीपर्यंत.

१९४७ मध्ये हाँगकाँगच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयात दोघे उभे राहिले. अ‍ॅडमिरल म्हणाला, आदेश वरच्या ताफ्याचा, मी तो फक्त पुढे पाठवला. वरच्या ताफ्याचा प्रमुख सप्टेंबर १९४४ मध्येच आजारपणात वारला होता, त्यामुळे हे बोट जिथे दाखवले तिथे उत्तर द्यायला कोणी नव्हते. कप्तान म्हणाला, मी विरोध केला, विनंत्या केल्या, अखेर आज्ञा पाळली. न्यायालयाने अ‍ॅडमिरलला फाशी दिली आणि कप्तानाला सात वर्षे.

कप्तानाला मिळालेल्या सौम्य शिक्षेवर इंग्रजीत बरेच सहानुभूतीने लिहिले गेले आहे. त्याच्या रदबदलीमुळे काही जण जगले, हे नाकारता येत नाही. पण मला नेहमी मधले नऊ दिवस खटकतात. भर लढाईत, क्षणात घेतलेला हा निर्णय नव्हता. बंदर आले, जिना लागला, काही माणसे त्यावरून उतरलीही. आज्ञेच्या सक्तीचे जे काही वजन धरायचे, ते या जिन्याशेजारी ठेवून धरावे लागते.

युद्धात गेलेल्या हिंदी खलाशांची आणि नौसैनिकांची ६,००० हून अधिक नावे मुंबईच्या खलाशीगृहातल्या स्मृतिग्रंथात आहेत, त्याचीच जोडप्रत चितगावला. ‘बेहार’ बुडाल्यानंतर महिन्याभराने, १४ एप्रिलला, मुंबईच्या गोदीत तो प्रसिद्ध स्फोट झाला; गोदीची आठवण म्हटली की तोच निघतो.

पुढचे झपाट्याने. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाइन्समधल्या समार बेटाजवळ ‘तोने’ आणि ‘चिकुमा’ या दोन बहिणींनी अमेरिकेच्या छोट्या विमानवाहू जहाजांचा पाठलाग केला. ‘चिकुमा’ विमानातून सोडलेल्या टॉर्पेडोने जायबंदी होऊन २५ तारखेला बुडाली. तिची माणसे उचलणारी विनाशिका दुसऱ्या दिवशी बुडवली गेली. ‘तोने’ बॉम्ब खाऊन परतली, पण तोवर देशात तेल नव्हते. जपानमधल्या एताजिमाजवळ नांगरून तिच्यावर कॅडेटांचे प्रशिक्षण चालू झाले. टेहळणीची विमाने नाहीत आणि जायला कुठे नाही. २४ आणि २८ जुलै १९४५ च्या हवाई हल्ल्यांत ती उथळ पाण्यात तळाला टेकली. त्याच दोन दिवसांत काही मैलांवर कुरे येथे ‘आओबा’ही टेकली.

एप्रिल १९४७ मध्ये ‘तोने’ वर काढून भंगारात तोडायला घेतली आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत ते काम चालले. हाँगकाँगमध्ये त्या रात्री डेकवर काय झाले यावर उलटतपासणी सुरू होती, तेव्हा कुरे येथे तोच डेक गॅसने कापला जात होता.