अटक कुणाला, कधी, कुठं: सीमाभागातल्या नोंदींची पार्श्वभूमी

बेळगावात 1 नोव्हेंबरचा काळा दिन (1956 मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात घातल्याच्या निषेधाचा) जवळ आला की काही घरांत एक प्रश्न दरवर्षी नव्यानं निघतो. पोराला उचललं तर कळणार कुठून? खडेबाजार ठाण्यात विचारलं तर मार्केट ठाण्याला जा म्हणतात, तिथं गेलं तर टिळकवाडी. शेवटी कुणीतरी ओळखीच्या पत्रकाराला फोन लावतो, आणि घरच्यांच्या आधी त्यालाच सगळं ठाऊक असतं. अटकेची माहिती फलकावर लावायची सक्ती आहे, त्यामुळं कायद्याच्या हिशेबानं हा हेलपाटा संपून आता पंचवीसहून अधिक वर्षं व्हायला हवी होती. तो का संपला नाही, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

इंग्रजांच्या काळात अटकेची नोंद होत असे, पण ती वरच्या साहेबासाठी. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोन कलमं लागोपाठ होती: 61 व्या कलमानुसार वॉरंटशिवाय धरलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय चोवीस तासांपलीकडं ठेवायचं नाही, आणि 62 व्या कलमानुसार अशा प्रत्येक अटकेची खबर जिल्हा मॅजिस्ट्रेटला द्यायची. म्हणजे कागद ठाण्यातून कलेक्टर कचेरीकडं जायचा. घरच्यांना किंवा गावाला कळवावं, असं त्यात कुठंच नव्हतं. ही 62 वी तरतूद पुढं 1973 च्या संहितेत 58 वं कलम म्हणून आली आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 59 वं कलम म्हणून आहे. सवय किती मुरलेली आहे, ते एवढ्यावरून कळावं.

संविधान सभेत या विषयाला बाबासाहेबांनी हात घातला तो सप्टेंबर 1949 मध्ये. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’ (न्याय्य प्रक्रियेची हमी) वगळल्याबद्दल बरीच टीका झाली होती. त्याची काही अंशी भरपाई म्हणून त्यांनी 15-अ हे नवं कलम मांडलं, आणि तेच पुढं अनुच्छेद 22 झालं. अटकेची कारणं सांगायची, वकील भेटू द्यायचा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. पण त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेचं, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच माणसाला अडकवून ठेवण्याचं, दारही उघडं राहिलं. त्या दाराचा एक गाजलेला वापर बेळगावच्याच वेशीवर झाला. संविधान लागू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा एप्रिल 1950 मध्ये वि. दा. सावरकरांना मुंबईत ताब्यात घेऊन हिंडलग्याच्या तुरुंगात आणून ठेवलं आणि जुलैत सोडलं. आरोपपत्र नाही, खटला नाही. सावरकरांबद्दल कुणाचं काही मत असो, इतक्या नामांकित माणसाची ही गत, तर एखाद्या गावातल्या कार्यकर्त्याच्या अटकेची खबर कुणी ठेवायची?

सीमाप्रश्नानं हा मुद्दा सार्वजनिक केला. 17 जानेवारी 1956 ला बेळगावात गोळीबार झाला तेव्हा जिल्हा अजून मुंबई राज्यातच होता, ही गोष्ट आता बऱ्याच जणांच्या ध्यानात नसते. 1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड तालुका वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मुंबईच्या 1951 च्या पोलीस कायद्याची जागा इथं नंतर म्हैसूरच्या 1963 च्या कायद्यानं घेतली. कायदा बदलला, राज्य बदललं, ठाण्यातल्या कागदांची भाषाही हळूहळू कन्नड झाली. पुढं 1986 चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन आणि 1 जूनचा गोळीबार, 2014 च्या जुलैत येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक हटवताना झालेला लाठीमार आणि त्यानंतर वर्षानुवर्षं चाललेले खटले, डिसेंबर 2021 मध्ये संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांवर लावलेलं राजद्रोहाचं कलम. प्रत्येक वेळी पहिले दोन दिवस गावात एकच चर्चा असते: कोण कोण आत आहे? आणि प्रत्येक वेळी पक्की यादी सगळ्यात शेवटी मिळते.

या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर मात्र दूर बंगालमधून आलं. 26 ऑगस्ट 1986 रोजी पश्चिम बंगालच्या कायदा साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. मधल्या काळात, 1994 मध्ये, जोगिंदरकुमार खटला आला. गाझियाबादच्या एका तरुण वकिलाला पोलिसांनी चौकशीसाठी म्हणून नेलं आणि दिवसचे दिवस घरच्यांना ठावठिकाणा लागू दिला नाही. त्यात न्यायालयानं म्हटलं की अटक झाल्याचं कुणाला कळवलं, हे डायरीत लिहिलंच पाहिजे. मग 18 डिसेंबर 1996 ला बसू खटल्याचा निकाल आला, अकरा सूचनांसह. अटकेचा पंचनामा, त्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. अकरावी सूचना आपल्या विषयाची: अटकेची आणि कोठडीच्या ठिकाणाची माहिती बारा तासांच्या आत कंट्रोल रूमला द्यायची, आणि ती तिथल्या ठळक फलकावर लावायची. न पाळल्यास न्यायालयाचा अवमान.

त्यातली आणखी एक सूचना सीमाभागातल्या माणसानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. अटक झालेल्याचा नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल, तर आठ ते बारा तासांत तिथल्या कायदा साहाय्य संस्थेमार्फत आणि पोलीस ठाण्यामार्फत तारेनं कळवायचं. निपाणीचा मुलगा कागलमध्ये कामाला, खानापूरची लेक चंदगडात दिलेली, हे इथं रोजचं आहे. तार गेली, मोबाइल आला, तरी दोन राज्यांच्या ठाण्यांमधला निरोप अजूनही मोबाइलच्या वेगानं जात नाही.

न्यायालयाच्या सूचना कायद्याच्या पुस्तकात यायला बराच काळ गेला. 2008 च्या दुरुस्तीनं प्रक्रिया संहितेत 41-ब आणि 41-क ही कलमं घातली आणि ती लागू झाली 1 नोव्हेंबर 2010 ला. (तारीख तीच, कर्नाटक राज्योत्सवाची आणि काळ्या दिनाची. निव्वळ योगायोग.) 41-क मध्ये तीन गोष्टी होत्या. प्रत्येक जिल्ह्यात कंट्रोल रूम. तिच्याबाहेर फलक, त्यावर अटक झालेल्यांची नावं-पत्ते आणि अटक करणाऱ्या पोलिसांची नावं-हुद्दे. आणि राज्याच्या मुख्यालयात अटकांची एकत्रित माहिती, सर्वसामान्य जनतेसाठी.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि 41-क ची जागा 37 व्या कलमानं घेतली. ते वाचताना पहिल्यांदा बरं वाटतं. फलक आता फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी नाही, तर प्रत्येक ठाण्यात. डिजिटल पद्धतीनं दाखवलं तरी चालेल. ती जबाबदारी साहाय्यक फौजदाराच्या खाली नसलेल्या एका नेमून दिलेल्या अधिकाऱ्याची. पण जुनं कलम शेजारी ठेवलं की दोन ओळी गळालेल्या दिसतात. अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव फलकावर लावायची सक्ती गेली. राज्य पातळीवर जनतेसाठी माहिती ठेवण्याचं वाक्यही गेलं. फलक खाली ठाण्यापर्यंत आला, हे चांगलंच झालं. पण तो मुळात ज्यासाठी होता, म्हणजे पोलिसांना उत्तरदायी धरण्यासाठी, तो अर्धा भाग पुसला गेला, आणि त्यावर फारशी चर्चाही झाली नाही.

बेळगावात आणखी एक गुंता आहे. 2014 मध्ये शहराला पोलीस आयुक्तालय मिळालं. तेव्हापासून एकाच जिल्ह्यात दोन यंत्रणा आहेत. शहरासह काकती, मारिहाळ, हिरेबागेवाडी अशी आजूबाजूची ठाणी आयुक्तांकडं, आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी वगैरे भाग जिल्हा पोलीसप्रमुखांकडं. नंदगडच्या माणसाला शहरातल्या मोर्चात धरलं तर विचारायचं आयुक्तालयात, आणि त्याच्या गावात धरलं तर एस.पी. ऑफिसला. बाहेरगावच्या नातेवाइकाला हे कोण समजावणार?

लोक म्हणतात, एफआयआर आता ऑनलाइन मिळतो, मग अडचण कसली? यूथ बार असोसिएशन खटल्यात 7 सप्टेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, दुर्गम भागात बहात्तर तासांपर्यंत सवलत दिली, आणि लैंगिक गुन्हे, पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचार), दहशतवाद यांसारखी प्रकरणं वगळली. कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर शोधता येतो, गुन्हा क्रमांक ठाऊक असला की काम सोपं होतं. तोच क्रमांक घेऊन ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्याची तारीखही बघता येते. पण एफआयआर म्हणजे अटकेची नोंद नव्हे. एफआयआरमध्ये नाव असून माणूस बाहेर असतो, आणि ‘इतर तीस-चाळीस जण’ एवढंच लिहिलेलं असून माणूस आत असतो. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर एफआयआरबरोबर अटक आरोपींची वेगळी यादीही पाहता येते. म्हणजे चंदगडच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत या बाबतीत फरक आहे.

खरी पळवाट मात्र प्रतिबंधक अटकेत आहे. शांतता भंग होईल या शक्यतेनं पूर्वी 151 आणि आता 170 व्या कलमाखाली उचललं, तर एफआयआरच नसतो. ठाण्याच्या डायरीत नोंद, फार तर चोवीस तास, मग सुटका किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड. तो बाँड खानापुरात तहसीलदारांपुढं, तर आयुक्तालयाच्या हद्दीत दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेल्या पोलीस अधिकाऱ्यापुढंच. काळ्या दिनाच्या आदल्या रात्री होणाऱ्या धरपकडीतली बरीचशी याच जातीची. ती कुठल्या संकेतस्थळावर दिसणार नाही. तिच्यासाठी ठाण्यातला फलक हीच एकमेव उघडी जागा आहे, म्हणून त्या फलकाचा एवढा आग्रह.

माहितीचा अधिकार इथं कामी येतो, पण नेहमीच्या तीस दिवसांच्या मुदतीनं नव्हे. 2005 च्या कायद्याच्या कलम 7(1) मध्ये एक वाक्य आहे: माहिती कुणाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर अठ्ठेचाळीस तासांत द्यायची. अर्जावर हे कलम ठळक लिहावं. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत हवा, तेव्हा त्यात सीमाप्रश्नाचा इतिहास लिहीत बसू नये! तपासाला अडथळा होईल हे 8(1)(ह) चं कारण पुढं केलं जातंच. पण फलकावर लावायची सक्ती असलेली माहिती तपासाला अडथळा कशी ठरेल, हा प्रतिवाद अपिलात मांडता येतो.

आता दुसरी बाजू. अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असं गावात मानलं जातं. बेळगावच्या मराठी वृत्तपत्रांची परंपरा मोठी आहे, ‘तरुण भारत’ 1919 चा. पोलिसांच्या रोजच्या प्रेसनोटवरून अटकेची बातमी नाव, वय, गल्लीसकट छापून येते. चार वर्षांनी निर्दोष सुटल्याची बातमी येतेच असं नाही, आणि आली तरी ती कुणी कापून ठेवत नाही. मोबाइलवर फिरणारा फोटो तर कुणाच्याच ताब्यात नसतो. कायद्यानं काही कुंपणं घातलीत: अल्पवयीनाची ओळख बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमानुसार उघड करता येत नाही, बलात्कारपीडितेची भारतीय न्याय संहितेच्या 72 व्या कलमानुसार. कर्नाटक उच्च न्यायालयानं 2017 मध्ये एका महिलेचं नाव निकालाच्या ऑनलाइन शोधात दिसू नये, असा आदेश देताना विस्मरणाच्या हक्काची दखल घेतली. साध्या भांडणात धरलेल्या सज्ञान माणसाला मात्र यातलं काहीच लागू नाही. माझ्या मते अटक चालू असताना नोंद सताड उघडी हवी, आणि निर्दोष सुटल्यावर ती हळूहळू मिटत जायला हवी. आपल्याकडं नेमकं उलटं घडतं. जो फलक उघडा असावा तो दिसत नाही, आणि पोलिसांच्या दप्तरात राहावं असं रावडी शीट (गुंड म्हणून ठेवलेली नोंद) सगळ्या गल्लीला पाठ असतं.

राहिला भाषेचा मुद्दा. एफआयआर कन्नडमध्ये, रिमांडचा अर्ज कन्नडमध्ये, सही करणारा मराठी शाळेत शिकलेला. यावर न्यायालयं गप्प नाहीत. 1962 मध्येच हरिकिसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की स्थानबद्धतेची कारणं माणसाला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत, तोंडी समजावून भागणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पंकज बन्सल निकालानं ईडीच्या अटकांत कारणं लेखी देणं आवश्यक ठरवलं. आणि 6 नोव्हेंबर 2025 ला, मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणातून आलेल्या अपिलात, हा नियम सगळ्याच गुन्ह्यांना लागू झाला. कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि तात्काळ शक्य नसेल तर रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. बेळगावातल्या फौजदारी वकिलांच्या हाती इतकं नेमकं हत्यार याआधी नव्हतं.

फलकाची भाषा कोणती, हे मात्र 37 वं कलम सांगत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं 1956 पासून आखलेल्या संरक्षणाच्या चौकटीत, जिथं ते लोकसंख्येच्या पंधरा टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या आहेत. खानापूर तालुक्यात मराठी बोलणारे या मर्यादेच्या कितीतरी पुढं आहेत, बेळगाव आणि निपाणी तालुक्यांतही. मराठी फलकांची मागणी आजवर बसच्या पाट्यांसाठी, महापालिकेच्या कागदांसाठी झाली. ठाण्यातल्या अटकेच्या यादीसाठी तीच मागणी करायला ही तरतूद पुरेशी आहे, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेल्या सीमादाव्याच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.