सुकतीचा एक तास

समुद्राची पातळी वाढते आहे असे म्हटले की आपल्याला मिरामार नाहीतर कळंगुटची पुळण आठवते. पण ही वाढ तिथे पाहायला जाऊ नये. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, पाऊस सरला की बरीचशी परत आणून टाकतात. दरवर्षीच्या या उलाढालीत वर्षाला चार मिलिमीटरांचा फरक कुणाला दिसणार? त्यापेक्षा मांडवीतल्या चोडण किंवा दिवाडी बेटावर फेरीबोटीने जावे आणि एखाद्या मानशीपाशी उभे राहावे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मांडवी आणि झुआरीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून काढलेली सखल जमीन म्हणजे खाजन. भरतीला नदी या शेतांपेक्षा उंच असते. बांधात ठेवलेले लाकडी दारांचे तोंड म्हणजे मानस. भरती चढली की नदीचे पाणीच दार दाबून बंद करते. सुकती, म्हणजे ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की शेतातले पाणी दार ढकलून वाट काढते. ना वीज, ना मोटर. तोंडाशी जाळे लावले तर सुंगटेही, म्हणजे कोळंबी, मिळतात. त्यापायी मानशीचा लिलाव होतो, आणि लिलाव आला म्हणजे गावात थोडी भांडणेही आलीच.

मासळीचे सोडा, मानशीचे खरे काम निचऱ्याचे. जूनचा पाऊस मातीतले मीठ धुतो आणि ते खारट पाणी बाहेर गेले तरच भात उभे राहते. कोरगूट भात खारेपणा सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे.

आता थोडे गणित करू. ओहोटी आणि भरतीच्या पातळ्यांत २ मीटरचा फरक आहे असे धरा. शेतातले पाणी नदीच्या सरासरी पातळीपेक्षा ५० सेंटिमीटर खाली आहे असेही धरा. भरती-ओहोटीचे एक चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे. त्यातले ४ तास १० मिनिटे नदी शेतापेक्षा खाली राहते, म्हणजे तेवढाच वेळ दार उघडे. समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटर वाढली तर हा वेळ उरतो ३ तास १० मिनिटे. चारातला एक तास गेला! शिवाय आतल्या-बाहेरच्या पातळीतला फरक कमी झाल्याने उरलेल्या वेळात पाणीही मंद वाहते. हे झाले उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांचे. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, ओहोटी मुळातच फार खाली उतरत नाही, तेव्हा एखाद्या सखल खाजनाचे दार दिवसभर मिटलेलेही राहील. त्यात वरून मुसळधार कोसळला की शेताचे तळे.

२० सेंटिमीटर हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी साधारण तेवढीच वाढली. २००६ नंतरच्या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर झाला आहे, म्हणजे पुढचे २० सेंटिमीटर यायला शंभर वर्षे लागणार नाहीत, पन्नास-पंचावन्न पुरतील. यामागे वितळणारा बर्फ तर आहेच, पण तापलेले पाणी फुगते हेही आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकून राहिलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रानेच पोटात घेतली. आपल्याकडच्या उबदार समुद्राचा १०० मीटर जाडीचा थर १ अंशाने तापला तर सुमारे ३ सेंटिमीटर फुगतो.

हीच उष्णता मासळीच्या वाटेतही येते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याशी खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. त्यावर पावसाच्या गोड्या, हलक्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षे पाणी तपासून याची नोंद ठेवत आले आहेत. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, झाकण आणखी घट्ट होते.

मात्र बांध फुटला रे फुटला की हवामानबदलाकडे बोट दाखवणे मला पटत नाही. कुर्ल्यांनी पोखरलेल्या बिळांकडे दुर्लक्ष झाले, खनिजाच्या बार्जांच्या लाटा वर्षानुवर्षे बांधावर आपटल्या, शेती पडीक पडली तशी डागडुजी करणारे हातही गेले. बांध फुटून खारे पाणी शिरले की मीठ धुऊन जायला काही पावसाळे लागतात. तेवढ्यात खारफुटी उगवते. ती तोडायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे शेत परत शेत होणेच अवघड होऊन बसते.

यावर बांध उंच करा, असे लगेच सुचवले जाते. बांध उंच केला तर उधाणाचे पाणी आत येणार नाही, हे खरे. पण आतले पाणी बाहेर जायचे तर नदीच खाली उतरायला हवी, आणि बांध कितीही चढवला तरी सुकतीचा गेलेला तास परत येत नाही. मग मानस रुंद करायची, म्हणजे कमी वेळात जास्त पाणी निघेल. नाहीतर पंप बसवायचा. आणि पंप आला की पहिला प्रश्न विजेच्या बिलाचा. आजवर हे काम चंद्र फुकट करत होता.