विचारायचं, बघायचं की तपासायचं?

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकरा वाजता यवतमाळकडच्या गावात प्रश्नावली घेऊन गेलं, की पारावर म्हातारी माणसंच भेटतात. बाया वावरात असतात. मग त्यांच्या सवयींची उत्तरंही पारावरूनच भरली जातात. अशा फॉर्मांतून निघालेल्या टक्केवारीवर माझा विश्वास बसत नाही.

माणूस सांगतो एक, वागतो वेगळं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी जोडप्यासोबत देशभर हिंडले. २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी एकीनेच त्यांना नकार दिला. पुढे त्याच ठिकाणांना पत्रं लिहून विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असं कळवलं. हा अभ्यास १९३४ साली छापून आला. त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांची मतं मोजायची 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी आली होती. आपल्याकडे त्या पाच पायऱ्यांचं 'हो जी' आणि 'नाही जी' एवढंच उरतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

विदर्भातला सगळ्यात मोलाचा धडा गडचिरोलीचा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्रास आहे असं सांगणाऱ्या ५५ टक्के, पण तपासणीत स्त्रीरोग आढळलेल्या ९२ टक्के. आधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. नुसतं विचारून थांबले असते, तर केवढं दुखणं कागदावर आलंच नसतं!

दारूचं तर आणखी अवघड. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, 'पिता का?' म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करा म्हणणंच. अशा प्रश्नांसाठी स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकाने १९६५ साली तोडगा काढला. चकतीवरचा काटा फिरवायचा. तो 'मी पितो' वर थांबला की 'मी पीत नाही' वर, हे फक्त उत्तर देणाऱ्याला दिसतं. ते वाक्य आपल्याला लागू आहे की नाही, यावर उत्तर देणारा 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच म्हणतो. काटा कुठल्या बाजूला किती वेळा थांबणार याचं प्रमाण ठाऊक असल्याने गावाचा अंदाज निघतो, माणूस उघडा पडत नाही.

बायांना भेटायचं तर संध्याकाळी, त्या वावरातून परतून चूल पेटवतात तेव्हा. सोबत त्यांची बोली बोलणारी बाई हवी. फॉर्म पिशवीतच ठेवायचा.