पाठ टेकली तरी निकाल लागत नाही

तालमीत वाढलेल्या पैलवानाच्या अंगात एक गोष्ट झोपेतही जागी असते: पाठ मातीला लागू द्यायची नाही. कुणी उचलून टाकलंच, तर तो पडता पडता वळतो आणि पालथा पडतो. मान आत, कोपरं अंगाशी घट्ट. मग वरच्याने कितीही घाम गाळला तरी निकाली कुस्तीत हा गडी बराच वेळ तग धरतो. तोच पैलवान मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळंच चालणाऱ्या एमएमएच्या पिंजऱ्यात तसाच पालथा पडला, तर त्याने समोरच्याला हवं ते ताटात वाढून दिलं. मागून कब्जा घेणारा दोन्ही पाय त्याच्या मांड्यांत अडकवतो आणि एक हात हनुवटीखाली सरकवतो. उलट पाठीवर पडून पायांनी वरच्याची कंबर आवळून धरली (याला गार्ड म्हणतात), तर लढत अजून उघडी असते. तिथून हात उलटा ताणता येतो, गळाही आवळता येतो.

कुस्तीत जी हालचाल वाचवते, ती इथे बुडवते. एमएमएची ओढ मला या गोष्टीत दिसते. रक्त बॉक्सिंगमध्येही सांडतं, जोर कुस्तीतही लागतो. पण बाकीच्या खेळांनी अंगात मुरवलेल्या सवयी एकमेकींवर आदळताना फक्त इथेच पाहायला मिळतात.

12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसी या एमएमए संस्थेची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा ही टक्कर अगदी ढोबळ होती. एक बॉक्सर एकाच हातात ग्लव्ह घालून उतरला. साधारण 80 किलोच्या ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने त्याला खाली पाडलं आणि त्याने हार मानली. ग्रेसीने त्या रात्री तीन लढती जिंकल्या, एकूण पाच मिनिटांच्या आत. जमिनीवर काय करायचं हे बाकीच्यांना माहीतच नव्हतं. आज सगळेच सगळं शिकून येतात, त्यामुळे खरी गंमत दोन प्रकारांच्या मधल्या फटीत गेली आहे.

ती फट समजायला विल्यम हिक या मानसशास्त्रज्ञाचा 1952 चा नियम उपयोगी पडतो. दिवा लागताच बटण दाबायचं असेल, तर माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. पण दिवे अनेक आणि प्रत्येकाचं बटण वेगळं असेल, तर उशीर वाढत जातो. पर्याय दुप्पट झाले की दर वेळी ठरावीक वेळाची भर पडते. बॉक्सरला समोरून फक्त दोन मुठी येणार असतात. एमएमएत मुठी, कोपरं, गुडघे, लाथा आणि पट (पाय धरून पाडणं), सगळंच येऊ शकतं. जवळून मारलेला पंच 0.2 सेकंदाच्या आत पोचतो, म्हणजे तो पाहून अडवणं जवळजवळ अशक्य. चांगला लढवय्या म्हणूनच मुठीकडे पाहत नाही. नजर छातीवर ठेवून खांदा आणि कंबर कधी हलते ते टिपतो. आणि फसवणारा खोटी खूण करतो ती तिथेच.

ही चाल पुढच्या लढतीत शोधून पाहा. एक जण गुडघे वाकवून दुहेरी पटासाठी, म्हणजे दोन्ही पाय धरायला, घुसल्यासारखं करतो. त्याची कंबर खाली आली की समोरच्याचे हात आपोआप पट अडवायला खाली जातात. त्याच क्षणी पहिला वर येतो आणि त्याचा उजवा हात कमानीतून, खांद्यावरून, उघड्या जबड्यावर पडतो. पट मारायचाच नव्हता. पण ही हूल चालायला आधी एक-दोन पट खरेच मारलेले लागतात, नाहीतर कुणी हात खाली घेत नाही.

पंच बसल्यावर ग्लव्हजचा प्रश्न येतो. व्यावसायिक बॉक्सिंगचे ग्लव्हज वजनगटानुसार 8 किंवा 10 औंसांचे, म्हणजे 227 ते 283 ग्रॅम. एमएमएचे साधारण 4 औंसांचे, 113 ग्रॅम, आणि बोटं उघडी. जाड गादीमुळे मार थोडा पसरतो, मुठीची हाडं वाचतात. पण डोक्याला बसणारी गिरकी, जी मेंदूला जास्त घातक, ती गादीने फारशी कमी होत नाही. आणखी एक फरक सहज नजरेतून सुटतो. बॉक्सर मोठे ग्लव्हज गालाला लावून त्यांच्या आड उभा राहू शकतो. छोट्या ग्लव्हजची ढाल होत नाही, मूठ दोन हातांच्या मधून आत शिरते. म्हणून एमएमएत बचाव पावलांनी आणि अंतराने करावा लागतो.

पावलांचंही सगळं सरळ नाही. बॉक्सर अंग आडवं करून, पुढचा पाय आत वळवून उभा राहतो. पंचाला तोंड द्यायला ते उत्तम. पण त्यामुळे पुढच्या पायाची पोटरी बाहेरच्या बाजूने उघडी पडते. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बारीक हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो. पाऊल वर उचलणारे स्नायू त्याच्यावर चालतात. तिथे दोन-तीन लाथा नीट बसल्या की पाऊल लटकं पडतं, पाय टाकताना घोटा मुरगळतो. जागचा हलता न येणारा बॉक्सर मग अर्धाच उरतो. 1976 मध्ये टोकियोत बॉक्सर मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी यांची 15 राउंडची लढत बरोबरीत सुटली. इनोकी बहुतेक वेळ मॅटवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत होता. प्रेक्षक वैतागले, पण अलीचे पाय त्या रात्री खरोखरच कामातून गेले.

यावर उतारा म्हणजे पाय उचलून गुडघा बाहेर वळवायचा, म्हणजे लाथ पोटरीऐवजी नडगीच्या वरच्या, जाड भागावर येते. आता दुखापत मारणाऱ्याची. डिसेंबर 2013 मध्ये यूएफसीच्या लढतीत अँडरसन सिल्व्हाची लाथ क्रिस वाइडमनने अशीच अडवली आणि सिल्व्हाच्या पायाची दोन्ही हाडं मोडली. एप्रिल 2021 मध्ये वाइडमनने स्वतः पहिलीच लाथ मारली, ती अडवली गेली आणि 17 व्या सेकंदाला त्याचाही पाय तसाच मोडला. हाड लांबीच्या दिशेने प्रचंड भार सोसतं, आडव्या माराने काडीसारखं वाकून तुटतं.

आता मागून कब्जा घेतलेल्या पैलवानाकडे परत. गळा आवळणं म्हणजे श्वास कोंडणं, असा समज आहे. नीट बसलेल्या पकडीत श्वासनलिका मोकळीच राहते. आवळणाऱ्याच्या कोपराचा खळगा बरोबर हनुवटीखाली येतो. मानेच्या एका बाजूला दंड, दुसऱ्या बाजूला कोपरापुढचा हात, आणि दोन्हींकडून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या दाबल्या जातात. मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या दोन लहान वाहिन्या हाडाच्या आडोशाला असल्याने दबत नाहीत, पण त्यांच्या रक्तावर शुद्ध टिकत नाही. साधारण 5 ते 10 सेकंदांत डोळ्यांपुढे अंधार. वेळेवर सोडलं तर काही सेकंदांत माणूस भानावर येतो. म्हणून सरावात टॅप (हार मानल्याची थाप) झाल्यावर एक क्षणही धरून ठेवायचं नसतं.

चूक होते ती हनुवटीपाशी. समोरच्याने ती छातीला टेकवून ठेवली, तर हात गळ्याऐवजी जबड्यावर बसतो. जबडा दुखतो, रक्त मात्र चालूच राहतं. नवखा तरीही जीव खाऊन आवळत बसतो. स्नायू सतत ताठ राहिला की स्वतःच्याच रक्तवाहिन्या पिळतो. अर्ध्या मिनिटात हात भरून येतात, बोटं धड मिटत नाहीत. राउंड 5 मिनिटांचा, मधली विश्रांती फक्त एका मिनिटाची. पुढच्या राउंडला तो उभा राहतो तेव्हा त्याच्या मुठी छातीच्या उंचीवर लोंबत असतात, आणि जबड्याच्या दुखण्यापलीकडे काहीच न झालेला समोरचा माणूस गुडघे वाकवून पटाची हूल देत असतो.