जलशुद्धीकरण (कोल्हापूर शहर आणि पंचगंगा खोरं)

नदी, तलाव किंवा धरणातनं उचललेलं कच्चं पाणी पिण्यालायक करून नळापर्यंत पोचवायचं, या सगळ्या प्रक्रियेला जलशुद्धीकरण म्हणतात. कोल्हापुरात हा शब्द फक्त टेंडरमध्ये आणि पाटीवर दिसतो, बोलताना सगळे फिल्टर हाऊसच म्हणतात, मग ते बावड्याचं असो, बालिंग्याचं असो नाहीतर पुईखडीचं. या नोंदीत मुख्य भर पाणी निवळण्याच्या तंत्रावर आहे, कारण कोल्हापूरच्या पाण्यावर आजवर जे काय लिहिलं बोललं गेलं ते जवळजवळ सगळं 'पाणी कुठनं आणायचं' यावरच, आणलेल्या पाण्याचं पुढं काय होतं यावर फारच थोडं.

पाणी कुठनं येतं

जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव. रंकाळा, कोटीतीर्थ, पद्माळा, रावणेश्वर, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ अशी नावं जुन्या लोकांच्या तोंडात अजून आहेत, पण त्यातली बरीच तळी आता नावापुरतीच उरलीत. कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं (जोराचा पाऊस झाला की आपण तळं होतो हे मैदानाला दरवर्षी आठवतं). पाइपातनं पाणी आणायची मोठी योजना म्हणजे कळंबा तलाव, काळ साधारण १८८० च्या आसपासचा धरतात. कात्यायनीच्या डोंगरातलं पाणी तिथं अडवलं आणि पंप वगैरे काही न लावता नुसत्या उतारानं मंगळवार पेठेतल्या टाकीत आणलं, त्या जागेला अजून 'पाण्याचा खजिना' म्हणतात. जयंती नाल्याचा उगमही याच कात्यायनीच्या बाजूला मानला जातो, म्हणजे ज्या डोंगराचं पाणी गावानं वर प्यायलं तिथलाच ओढा खाली गावाचं सांडपाणी घेऊन पंचगंगेला मिळतो. नगरपालिका १८५४ ची, महानगरपालिका १९७२ ची. या मधल्या काळात गाव वाढलं, तळी पुरेनात आणि उपसा नदीवर गेला. बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर ही उपसा केंद्रं त्यातली.

नदीत उन्हाळ्यात पाणी राहतं ते वरच्या राधानगरी धरणामुळं आणि खालच्या बंधाऱ्यांमुळं. राधानगरीचं काम शाहू महाराजांनी १९०७-०९ च्या सुमारास हाती घेतलं, पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. बंधारे म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे, सरकारी भाषेत के.टी. वेअर. दगडी खांब आणि खांबांमधल्या खाचांत बरगे म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पाऊस सरला की परत घालायचे. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी पंचगंगेवर रांगच आहे त्यांची. शेतीला आणि पिण्याला याचा फायदा झाला यात वादच नाही, पण शुद्धीकरणाच्या बाजूनं बघितलं तर बरगे घातलेली नदी ही नदी राहत नाही, एकापुढं एक तळी होतात, पाणी हलत नाही, त्यातला प्राणवायू कमी होतो, शेवाळ आणि केंदाळ (जलपर्णी) माजतं. मग तेच पाणी फिल्टर हाऊसला आलं की जंतू मारायला घातलेला क्लोरीन जास्त खातं.

निवळी, कतक आणि तारखांचा घोळ

गढूळ पाण्यात काहीतरी घालून ते निवळायचं ही युक्ती आपल्याकडं फार जुनी. निवळीचं बी ओल्या दगडावर किंवा रांजणाच्या आतल्या बाजूला घासायचं, पाणी ठेवून द्यायचं, तासाभरानं गाळ खाली बसतो. संस्कृतात या झाडाला कतक म्हणतात, मराठी निवळी आणि निवळणं हे शब्द निर्मल वरनं आले असं व्युत्पत्तीकार मानतात. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करणाऱ्या सात गोष्टी दिल्यात, कतक, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचं मूळ, कापड, मोती आणि स्फटिकासारखा मणी. पाणीशुद्धीवरच्या पाश्चात्त्य इतिहासांत एक वाक्य पुन्हापुन्हा येतं की भारतात इसवी सनापूर्वी २००० मध्येच ही पद्धत लिहून ठेवलेली होती, आणि ते वाक्य आता आपल्याकडच्या भाषणांत, व्हॉट्सॲपवर आणि शाळेच्या निबंधांतही फिरतंय. ही तारीख मात्र टिकायला अवघड आहे. सुश्रुतसंहिता एका हातची नाही, तिच्यावर नंतर संस्कार झालेत, आणि आज उपलब्ध असलेला ग्रंथ बहुतेक अभ्यासक इसवी सनाच्या आगेमागे काही शतकं असा धरतात, कुणी थोडं अलीकडं ओढतं कुणी पलीकडं. इसवी सनापूर्वी २००० चा आकडा बहुधा जुन्या एका उल्लेखावरनं पुढच्यानं उचलला, त्याच्यावरनं त्याच्या पुढच्यानं, असाच आलेला दिसतो.

ग्रंथाच्या तारखेपेक्षा जास्त बोलकं म्हणजे मनुस्मृतीतलं एक वचन, त्याचा अर्थ असा की कतकाच्या फळानं पाणी निवळतं हे खरं, पण नुसतं त्याचं नाव घेतल्यानं निवळत नाही. विषय तिथं धर्माचरणाचा आहे, पाण्याचा नाहीच. पण दृष्टांत म्हणून वापरलाय म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकाला निवळी घरातली म्हणून माहीत असणार, हे गृहीत धरलंय. त्यामुळं पद्धत ग्रंथांपेक्षा जुनी असावी एवढं म्हणायला हरकत नाही, किती जुनी ते सोडून देणं बरं.

निवळीचं विज्ञान आता बऱ्यापैकी कळलंय. पाण्यातले मातीचे बारीक कण बहुतेक सगळे ऋण विद्युतभाराचे असतात, एकमेकांना ढकलतात म्हणून बसत नाहीत, तरंगत राहतात. बियांमधले लांब साखळीचे रेणू कणांना एकत्र बांधतात. शेवग्याच्या बीत तर धन भाराचं प्रथिन आहे, ते ऋण कणांना थेट चिकटतं, म्हणून शेवग्यावर अलीकडं जास्त संशोधन झालं. अडचण अशी की बियांचा सेंद्रिय भाग पाण्यात मागं राहतो आणि एकदोन दिवसांत पाण्याला वास मारायला लागतो. घरच्या घागरीला चालेल, शहराच्या टाकीला नाही.

तुरटी आणि जार टेस्ट

शहराला तुरटीच लागते. घरातल्या खड्यापेक्षा फिल्टर हाऊसची तुरटी वेगळी, ती ॲल्युमिनियम सल्फेटच्या मोठ्या लाद्या किंवा द्रावण. पाण्यात पडल्या पडल्या तिच्यातनं धन भाराचं ॲल्युमिनियम सुटतं, कणांचा भार मारतं आणि पाण्यातल्या क्षारतेशी (आम्ल मारायच्या पाण्याच्या ताकदीशी) मिळून जेलीसारखा पांढरट हायड्रॉक्साइड तयार होतो. त्यात कण अडकून गुठळ्या होतात, यांना फ्लॉक म्हणतात. पहिले काही सेकंद पाणी जोरात घुसळायचं म्हणजे तुरटी सगळीकडं पोचते, नंतर वीस-तीस मिनिटं एकदम हळू, कारण जोरात फिरवलं तर जमलेल्या गुठळ्या फुटतात. क्लॅरिफ्लोक्युलेटर म्हणजे हेच सगळं एका मोठ्या गोल टाकीत, मधल्या भागात हळू घुसळणं आणि बाहेरच्या भागात गाळ बसणं.

आता तुरटी किती घालायची, तर हे कुठल्याच तक्त्यात बघून सांगता येत नाही आणि इथंच जार टेस्ट लागते. एका लिटरच्या सहा काचेच्या भांड्यांत त्याच वेळचं कच्चं पाणी घ्यायचं, पहिल्यात १० मिलिग्रॅम तुरटी, दुसऱ्यात २०, असं वाढवत जायचं, भांडी ढवळणारे सहाही पंखे एकदम सुरू करायचे, मिनिटभर जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग बंद करून अर्धा तास बसू द्यायचं. जूनच्या पहिल्या पुराचं पाणी असेल तर सगळी भांडी चहासारखी तांबडी दिसतात, पश्चिमेकडच्या डोंगरातली जांभ्याची माती ती. मग चौथ्या भांड्यात बारीक बाजरीच्या दाण्याएवढे कण दिसायला लागतात, ते वाढत वाढत सावकाश खाली उतरतात आणि मधल्या मध्ये पाणी एकदम काचेसारखं होतं, तर सहाव्यात, म्हणजे सगळ्यात जास्त तुरटी घातलेल्यात, परत धुरकटच. नवख्या माणसाला हे पटत नाही. पण तुरटी जास्त झाली की कणांवर उलटा, धन भार बसतो आणि ते परत एकमेकांना ढकलायला लागतात, शिवाय पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतं.

पावसाळ्यात ही दुसरी भानगड जास्त नडते. एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. पावसाचं पाणी मिसळून नदीची क्षारता आधीच उतरलेली, वर गढूळपणामुळं तुरटी जास्त लागते, म्हणजे नको तेव्हा दोन्ही बाजूंनी मार. अशा वेळी चुना घालतात, किंवा तुरटीऐवजी पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड वापरतात, फिल्टर हाऊसमध्ये त्याला सगळे पॅक म्हणतात, त्यानं पीएच कमी उतरतो आणि गाळही कमी होतो. महाग पडतं. हिशेबच करायचा तर रोज आठ कोटी लिटर पाणी निवळणाऱ्या केंद्रात तुरटीचा डोस लिटरमागं १० मिलिग्रॅमनं चुकला तर दिवसाला ८०० किलो तुरटी जास्त गेली, आणि ही चूक सहा भांड्यांसमोर उभं राहायला लागणाऱ्या तासाभरात वाचते.

वाळू, करवंटी, क्लोरीन

निवळलेलं पाणी वाळूच्या थरातनं जातं. वाळू साधारण साठ-सत्तर सेंटिमीटर, खाली गोटे. थर तुंबला की उलट्या दिशेनं पाणी आणि हवा सोडून धुतात. महाराष्ट्रात या बाबतीत एक देशी प्रयोग उल्लेख करण्यासारखा आहे, अभियंता डॉ. कर्डिले यांनी १९७० च्या दशकात रामटेकसारख्या छोट्या गावांच्या केंद्रांत यंत्रं कमीत कमी ठेवून खडीच्या थरातच फ्लॉक जमवायचा आणि वाळूवर नारळाच्या करवंटीचा चुरा टाकून फिल्टर करायचा अशी रचना वापरली. करवंटी हलकी, त्यामुळं धुतल्यावर आपोआप परत वरच बसते. नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून या क्षेत्रात आहे, पंचगंगेच्या प्रदूषणाचा अभ्यासही तिनं केलेला आहे.

क्लोरीन शेवटी. पाणी आधी नीट निवळलं नसेल तर क्लोरीन मातीवरच खर्च होतो आणि जंतू कणांच्या आड लपतात, म्हणून भारतीय मानकात (आयएस १०५००) गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत धरलाय, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत, आणि नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन मागितलाय. गावाकडं टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात, ती ताजी असताना तिच्यात साधारण तिसरा हिस्सा कामाचा क्लोरीन असतो, पोतं उघडं राहिलं की उडून जातो आणि मागं चुना उरतो. उरलेला क्लोरीन बघायच्या ओटी टेस्टला थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही तर नव्वद टक्के वेळा दोष त्या पोत्याचा, असा माझा अनुभव.

पाइप

फिल्टर हाऊसमधनं चांगलं सुटलेलं पाणी नळाला तसंच येईल याची खात्री नसते. आपल्याकडं पाणी चोवीस तास नाही, चावीवाला व्हॉल्व फिरवतो तेव्हाच येतं, आणि बंद झालं की पाइपातला दाब जातो. वर घरोघरी मोटर लावून खेचणं. गळतीच्या जागेतनं जसं पाणी बाहेर येतं तसंच दाब गेल्यावर बाहेरचं आत जातं, शेजारनं गटार गेलं असेल तर तेही. माझ्या गल्लीत एका उन्हाळ्यात नळाला पहिली दहा मिनिटं फेस आणि वास यायचा, तक्रार दिली तर पाणी तपासून 'योग्य' म्हणून कागद आला, कारण तपासायला पाणी टाकीवरचं घेतलेलं. शेवटी गल्लीच्या तोंडाला खणलं तेव्हा गटारातनंच गेलेलं कनेक्शन सापडलं. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास आणि ठरावीक वेळ अशा दोन्ही भागांतलं पाणी तपासून झालेल्या अभ्यासात ठरावीक वेळच्या भागात जंतू जास्त वेळा सापडले. कराडजवळच्या मलकापूरनं मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलंय, ते काही फार लांब नाही. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ येऊन माणसं दगावली, तिथंही चर्चा दूषित नदीची आणि गळक्या पाइपांचीच होती.

थेट पाइपलाइन आणि पूर

नदीचं पाणीच नको म्हणून काळम्मावाडी (दूधगंगा) धरणातनं सुमारे ५३ किलोमीटर पाइप टाकून पाणी आणायची मागणी कित्येक वर्षं चालली, आंदोलनं झाली, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या. काम २०१४ च्या सुमारास सुरू होऊन पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर पुईखडीला पोचलं. धरणाचं पाणी नदीपेक्षा कमी गढूळ असतं, त्यामुळं वरचं जार टेस्टचं प्रकरण सोपं होतं, पण खोल साठ्याच्या तळाकडं प्राणवायू कमी आणि लोह-मँगनीज विरघळलेलं असू शकतं, म्हणजे पाणी कुठल्या उंचीवरनं उचलायचं हा प्रश्न नव्यानं येतो. शहराचं सांडपाणी नदीत जाणं अर्थात त्यानं थांबत नाही, त्यासाठी कसबा बावड्यात रोज ७ कोटी ६० लाख लिटरचं आणि दुधाळीत १ कोटी ७० लाख लिटरचं प्रक्रिया केंद्र आहे, आणि खालची गावं तीच नदी पितात.

पुराची मोजणी राजाराम बंधाऱ्यावर होते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या घरात. दोन्ही वेळा नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, आणि चारी बाजूनं पाणी असताना लोक कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते.